शब्दचर्चा : नेत्सुकेला मराठीत काय म्हणावं?

माजघर
माझ्या मावशीचे यजमान १९७० नंतर काही वर्षं कोबेला नोकरीला होते. काका आता नाहीत. मावशी ८३ वर्षांची आहे आणि तिला घरातल्या जपानी वस्तूंची यादी करून हवी आहे, तीही मराठीत. "इंग्रजी यादी विमेवाल्यांना द्या, मला वाचता येईल अशी करा," म्हणाली. तिथेच माझं घोडं अडलंय.

मुठीत मावतील अशा चार कोरीव वस्तू आहेत. त्यांना मावशी सरसकट 'बाहुल्या' म्हणते. निळ्या ठिगळांचं एक जुनं पांघरूण आहे, ती 'जपानी वाकळ'. लोखंडी पट्ट्या मारलेलं एक लाकडी खणांचं कपाट आहे. आणि एक घेरदार, चुण्यांचा, बारीक पट्ट्यापट्ट्यांचा रेशमी पायघोळ कपडा आहे. त्याच्या बंदाला कागदी चिठ्ठी बांधलेली आहे, तिच्यावर दोन जपानी अक्षरं. फोनवरच्या भाषांतराने पहिलं अक्षर 'चहा' सांगितलं आणि दुसऱ्याला 'विश्व'. काकांनी चहाच्या विश्वासाठी विजार आणली असेल असं वाटत नाही.

सगळ्यांचे फोटो जोडलेत. बाहुल्यांना नेत्सुके म्हणतात एवढं शोधलं. मराठी शब्द सुचवा. 'जपानी कोरीव बटण' लिहू का?

कोनाडा
बटण नको. बटण कपड्याला शिवलेलं असतं. किमोनोला खिसे नसतात, म्हणून औषधाची डबी, तंबाखूची पिशवी, चिलीम असलं काहीबाही दोरीला बांधून कमरेच्या पट्ट्याखालून घ्यायचे आणि दोरीच्या वरच्या टोकाला हा गट्टू लावायचे. तो पट्ट्याच्या वर अडकून बसतो, खालचं ओझं लोंबतं. 'ने' म्हणजे मूळ आणि 'त्सुके' म्हणजे लावलेलं. म्हणजे झाडाचं मूळ कापून त्याला दोरी बांधण्यापासून सुरुवात झाली असावी असं नावच सांगतं.

आपल्याकडे कनवट होती, चंची होती, बायकांच्या कमरेला किल्ल्यांचा छल्ला होता. पण छल्ल्याला आकडा असतो, तो खोचतात. नेत्सुके खोचत नाहीत, ते आपल्या जाडीमुळे अडतं. म्हणून 'अडकण' हा शब्द सुचवतो. कोशात असेल-नसेल, कळतो तरी.

कळलावी
'अडकण'! उद्या सुशीला 'भातवडी' म्हणाल. नेत्सुके हाच शब्द ठेवा. आपण कोट, टेबल, पगार, बटाटा घेतले तेव्हा कुठे कोणाला विचारलं होतं?

आणि उच्चाराबद्दल एक गंमत. हिंदीवाले 'नेत्सुके' म्हणताना त आणि स वेगळे सुटे करतात. आपल्याला ते कष्ट नाहीत. 'चूल', 'चुलता', 'चुना' यांतला च म्हणजे जपानी 'त्सु'चाच आवाज. त्यातून जपानी माणूस मधला उ जवळजवळ गिळतो. म्हणजे चुलत्याचा च घेऊन 'नेच्के' म्हटलंत की ओसाकातला दुकानदार मान हलवेल. लिहिताना मात्र 'नेत्सुके'च लिहा, नाहीतर लोक चहाचा च लावतील.

ओसाकाकर
उच्चाराचं अगदी बरोबर. पण हाच नियम कपाटाला लावू नका. ते 'तान्सु' आहे, त्यात शुद्ध स. बरेच जण 'तान्त्सु' म्हणतात, ते चूक.

माजघर, त्या चारही 'बाहुल्या' उलटून पाहा. प्रत्येकीला खाली किंवा पाठीला दोन भोकं आहेत का? त्यांना हिमोतोशी म्हणतात, दोरी ओवायची वाट. पुष्कळदा एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, कारण दोरीची गाठ त्यात लपवायची असते. भोकं नसतील तर ती वस्तू बहुधा ओकिमोनो. शब्दशः 'ठेवायची वस्तू'. आपण शोपीस म्हणतो तेच.

हा फरक यादीत दिसायला हवा, कारण त्यामागे इतिहास आहे. १८६८ नंतर मेइजी काळात शहरांतले पुरुष कोट-पँट घालू लागले, खिसे आले, चिलीम जाऊन सिगारेट आली. नेत्सुकेचं कामच संपलं. कारागीर मग परदेशी गिऱ्हाइकांसाठी मांडणीच्या वस्तू कोरू लागले.

माजघर
तिघांना भोकं आहेत. एक म्हातारा कोळी आहे, त्याला नाहीत. म्हणजे तो ओकिमोनो. बेडकाच्या पोटाखाली भोकांजवळ दोन अक्षरं कोरलेली आहेत, ओळखीच्या एकाने 'मासानाओ' वाचली. मग 'मासानाओचा बेडूक' लिहिते.

जुनाबाजार
थांबा! 'मासानाओचा बेडूक' असं लिहू नका. 'मासानाओ अशी सही असलेला बेडूक' असं लिहा. षष्ठीचा एक प्रत्यय लावला की तुम्ही हमी देऊन बसता.

मासानाओ नावाचा क्योतोचा एक मोठा कोरक्या १८ व्या शतकात होऊन गेला. १७८१ मध्ये ओसाकात छापलेल्या 'सोकेन किशो' या पुस्तकात त्याचं नाव आहे. ते पुस्तक खरं तर तलवारीच्या साजाबद्दलचं, नेत्सुकेवाल्यांची यादी त्यात जोडीला आली. पण पुढे इसेजवळच्या यामादा गावात मासानाओ हेच नाव लावणारं एक वेगळं घराणं पिढ्यान्पिढ्या चाललं, आणि त्यांचे लाकडी बेडूक तर प्रसिद्धच. शिवाय नुसती नक्कल सही करणारे होतेच. तुमचा बेडूक लाकडी असेल तर मी इसेकडे बोट दाखवीन, पण फोटोवरून पैज लावणार नाही.

इसे म्हणजे यात्रेचं ठिकाण. जपानीत बेडूक 'काएरु' आणि परत येणं हेही 'काएरु'. घरी सुखरूप परत यावं म्हणून प्रवासी बेडूक जवळ ठेवत.

माजघर
लाकडीच आहे. आणि काकांनी तो निघायच्या आदल्या महिन्यात घेतला होता, हे मावशीला आठवतंय. कारण मात्र त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. "मला वाटलं, मी बेडकासारखी बडबडते म्हणून आणला."

कोळी आणि आणखी एक हस्तिदंती आहेत.

जुनाबाजार
'हस्तिदंती' शब्दही जपून. आधी भिंगाखाली पाहा. हत्तीच्या दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडात तशी जाळी नसते, बारीक ठिपके किंवा चिरा दिसतात. हरणाचं शिंगही असू शकतं, त्याचा आतला गाभा सच्छिद्र असतो. खात्री नसेल तर 'पांढरं, दात किंवा हाड' असं लिहून मोकळे व्हा.

खरंच हस्तिदंत असेल तर मात्र प्रश्न शब्दाचा राहत नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंताचाही. विकायचा विचार कुणी करू नका, आणि जवळ बाळगण्याबाबत वकिलाला विचारा. 'जुनं आहे, परदेशातलं आहे' हे उत्तर पुरत नाही.

कळलावी
आणि त्या 'अँटीक'चं काय? माझ्या मते मराठीत तीन शब्द तीन कामं करतात. 'पुरावस्तू' संग्रहालयात असते, 'जुनीपुराणी' माळ्यावर असते आणि 'अँटीक' दुकानात, किमतीच्या चिठ्ठीसकट.

ओसाकाकर
जपानीतही तसंच. 'कोत्तो' म्हणजे जाणकारांनी मान डोलवावी अशी जुनी वस्तू. 'फुरुदोगु' म्हणजे जुनं सामानसुमान. एकच किटली एका दुकानात फुरुदोगु असते आणि चार गल्ल्या पलीकडे कोत्तो होते. क्योतोच्या तो-जी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेन्मांगूत २५ तारखेला बाजार भरतो, तिथे दोन्ही शेजारी शेजारी पसरलेलं दिसेल. तोक्योत सेतागायाला डिसेंबरात आणि जानेवारीत 'बोरो-इची' भरतो. त्याची सुरुवात १५७८ ची धरतात. बोरो म्हणजे चिंध्या, इची म्हणजे बाजार.

आणि हो, माजघर, तुमची 'जपानी वाकळ' हीच बोरो.

धावदोरा
वाकळ म्हणायला माझी हरकत आहे, मावशींची माफी मागून. वाकळ ही वस्तू आहे, 'बोरो' ही अवस्था आहे. अंगरखा बोरो होतो, विजार बोरो होते, गादीची खोळ बोरो होते. तुमच्या फोटोत चारही कडांना जुन्या शिवणीच्या खुणा आहेत आणि आत कापूस नाही. म्हणजे ही बहुधा फुतोनची, म्हणजे जपानी गादीची, खोळ. मी 'ठिगळांची खोळ' लिहीन.

उत्तर जपानात, आओमोरीकडे, थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिकडे अंगावर ताग-अंबाडीच्या जातीचं भरड कापड. ओसाकाकडची जुनी सुती कापडं जहाजांतून उत्तरेला जायची, तिथे ती तुकड्या-तुकड्यांनी विकत घेऊन थरावर थर लावून शिवायचे. चार पिढ्यांनी ठिगळ लावलेले कपडे सापडतात. झोपताना अंगावर घ्यायचा 'दोन्जा' तर इतका जड की एका दमात उचलवत नाही. आणि 'बोदोको' नावाची जी ठिगळांची चादर असे तिच्यावर बाळंतपण करत. आजी-पणजीच्या कापडावर मूल जन्मायचं. आपण जुन्या लुगड्याचं दुपटं शिवतो, त्याच्याशी हे किती जवळ आहे ते सांगायला नको.

आज ज्यांना परदेशी संग्राहक भिंतीवर टांगतात, ती कापडं तिकडच्या लोकांनी लाजेपोटी जाळली, फेकली. आओमोरीच्या तानाका चुझाबुरो यांनी घरोघर हिंडून ती गोळा केली म्हणून वाचली. 'बोरो' हा शब्द जपानीत आजही शिवीसारखा वापरतात, आपल्या 'लक्तरां'सारखा. म्हणून यादीत 'लक्तर' नको.

शिवण म्हणाल तर तो आपला साधा धावदोरा. जपानीत साशिको. 'सासु' म्हणजे टोचणे, साशिमीतला (कच्च्या माशाच्या कापांतला) 'साशि' तोच. मराठीत मी 'टाचलेलं' म्हणेन. 'भरतकाम' कृपया नको, भरतकाम शोभेसाठी असतं. साशिकोची नक्षी नंतरची, आधी ऊब.

कोनाडा
'टाचलेलं' पटलं. कपाटाचं मी बोलू का? तान्सुला 'कपाट' म्हणू नये. कपाटाला दारं असतात, ते भिंतीला टेकून जन्मभर उभं राहतं. तान्सुला कड्या असतात, कारण ते हलवायचं असतं. कडीतून दांडा घालून दोघे जण उचलत. म्हणूनच जपानीत तान्सु मोजायचं ते 'साओ' या मापाने. साओ म्हणजे दांडा. एक दांडा, दोन दांडे. आपल्याकडे 'दोन कावडी पाणी' म्हणतात तसंच.

काही तान्सुंना चाकंही होती. १६५७ च्या एदोतल्या (आजच्या तोक्योतल्या) भीषण आगीत लोक चाकांचे पेटारे ओढत निघाले, रस्ते तुंबले, माणसं अडकली. पुढे मोठ्या शहरांत चाकाच्या पेटाऱ्यांवर बंदीच आली.

जोडशब्दात त चा द होतो : फुना-दान्सु म्हणजे जहाजावरचं, कुसुरी-दान्सु म्हणजे औषधाचं, काइदान-दान्सु म्हणजे पायऱ्यांचं. आपल्या 'जगत्'चं 'जगदीश'मध्ये होतं तसंच कानाला वाटतं. शेवटच्याचं मराठी करताना सांभाळा. 'जिन्याचं कपाट' म्हटलं की जिन्याखालचं वाटतं. 'कपाटाचा जिना' म्हणा, कारण त्यावरून खरंच माळ्यावर चढतात.

तुमचं सहा खणांचं, लोखंडी पट्ट्यांचं, दोन भागांत सुटणारं. 'खणांचा पेटारा' लिहा. खण हा काय सुंदर शब्द आहे, लाकडाचाही आणि चोळीचाही.

रेवदंडा
मी इथे फारसं लिहीत नाही, पण त्या चिठ्ठीने झोप उडाली.

पहिलं अक्षर चहाचं, दुसऱ्याचा उच्चार 'उ'. अर्थ सोडून द्या, नुसता आवाज घ्या : चा-उ. परक्या शब्दाचा आवाज पकडायला जपानी लोक अशी अक्षरं उसनी घेतात. पायघोळ चुण्यांचा कपडा म्हणजे हाकामा. आणि हाकामासाठी जे पातळ, पट्ट्यांचं रेशीम वापरत त्याचं नाव 'चाऊ-जिमा'. जपानी कोशात त्याची व्युत्पत्ती स्पष्ट दिली आहे : हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं चौल!

म्हणजे आमचं चौल. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याला लागून. पोर्तुगीज १५२१ पासून इथे किल्ला बांधून बसले होते ते १७४० मध्ये मराठ्यांकडे जाईपर्यंत. रेशमी कापडासाठी चौलचं बंदर नावाजलेलं होतं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते कापड जपानला गेलं आणि गावाचं नाव कापडाला चिकटलं. १६८१ ते १६८४ च्या दरम्यान क्योतोत तसं कापड विणायला लागले. म्हणून तुमचा हाकामा चौलमध्ये विणलेला नाही, एवढं मान्य करू. नाव तेवढं आमचं.

'जिमा' म्हणजे 'शिमा', पट्टे. 'शिमा' म्हणजे बेटसुद्धा. दक्षिणेच्या बेटांवरून आलेलं म्हणून पट्ट्यांच्या कापडाला ते नाव पडलं असं सांगतात. चौल एकटं नाही. मद्रासजवळच्या सां तोमेवरून 'सान्तोमे' नावाचं पट्ट्यांचं सुती कापड झालं, बंगालवरून 'बेंगारा' झाला.

कळलावी
रेवदंडा, दंडवत. मी 'परके शब्द घ्या' म्हणून भांडत होते, आणि इथे जपान आपला शब्द साडेतीनशे वर्षं नेसून बसलाय.

ओसाकाकर
एक शब्द राहिला आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. नेत्सुके हातात फिरून फिरून गुळगुळीत होतं, कंगोरे झिजतात, रंग खोल होतो. इंग्रजीतून आलेल्या 'पॅटिना'ला मराठीत लोक 'झळाळी' लिहितात. झळाळी नव्या पितळेला असते. 'झीज' म्हटलं तर दोष वाटतो. जपानी संग्राहक 'नारे' म्हणतात. 'नारेरु' म्हणजे सवयीचं होणं.

धावदोरा
नारे-झुशीतलं नारे तेच का? मासा भातात महिनोन्महिने ठेवतात तो प्रकार?

ओसाकाकर
तेच.

धावदोरा
मग शब्द तयार आहे. मुरलेलं. लोणचं मुरतं, माणूस मुरलेला असतो.

कोनाडा
'अडकण' मागे घेतो. नेत्सुकेच राहू दे. पण 'मुरलेलं' पाहिजेच.

माजघर
काल रात्री सगळं मावशीला वाचून दाखवलं. बेडकापुढे तिने लिहायला लावलं : 'बेडूक. नेत्सुके. लाकडी, मासानाओ अशी सही. मुरलेला.' कोळ्यापुढे 'दात किंवा हाड, भिंग आणायचं आहे'. खोळीला 'टाचलेली' चालेल म्हणाली, पण कंसात वाकळ हवीच, कारण ती थंडीत पायावर घेते. पेटारा : 'एक दांडा'.

हाकामाची चिठ्ठी तिने पुन्हा हातात घेतली. तिचं माहेर अलिबागचं. लहानपणी दत्तजयंतीला ती चौलच्या दत्ताच्या डोंगरावर जायची, पायऱ्या मोजत. "ह्यांना ठाऊक असतं तर मला सांगितलं असतं," म्हणाली, आणि चिठ्ठी होती तशी बंदाला बांधून ठेवली.

रेवदंडा, ती विचारतेय : भोवाळ्याच्या वाटेने वर जायला आता गाडी जाते का?