अनुभव धागा: हायवे, वेगमर्यादा आणि चलनं

गेल्या आठवड्यात रात्री जेवताना मोबाईल तीनदा वाजला. तीन चलनं. तिन्ही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची आणि एकाच दिवसाची, जाताना एक, येताना दोन. तो दिवस दीड महिन्यापूर्वीचा, आतेबहिणीच्या साखरपुड्याचा. वेग १०९, ११२ आणि घाटात ७१. सपाटीला कारला १०० हे माहीत होतं, बोरघाटात ६० आहे हे चलन वाचून कळलं. झाले सहा हजार. साखरपुड्याला आहेर केला त्याच्या तिप्पट.

पूर्वी ट्रॅफिकचे मामा हात आडवा करायचे. गाडी बाजूला, लायसन, पीयूसी, मग आपलं 'साहेब, जाऊ द्या ना'. चारचौघांत लाज वाटायची, पण निदान घरी पोचेपर्यंत माणूस हळू चालवायचा. आता काय, त्या दीड महिन्यात मी त्याच रस्त्याने त्याच वेगात आणखी दोनदा जाऊन आलोय. ती चलनं अजून वाटेत असणार.

तर मंडळी, लिहा. भरलेली, थकलेली, चुकून आलेली. खाकीतलं कुणी असेल तर त्यांनीही लिहावं. 'सगळी लूट आहे' एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या, प्रसंग सांगा.

खोपोलीकर

जुलै २०२४ मध्ये द्रुतगती मार्गावर नवी कॅमेरा यंत्रणा सुरू झाली तेव्हा आमच्या ह्यांना वाटलं, सोपं आहे. कमान दिसली की ब्रेक, कमान गेली की पाय. मग भाच्याने सांगितलं, मामा, दोन ठिकाणांमधला वेळ धरून सरासरी वेगही काढतात. तेव्हापासून गाडीत गणिताचा तास असतो. दहा किलोमीटरला सहा मिनिटं लागलीच पाहिजेत, कमी नको. मागच्या सीटवर सासूबाई हातात घड्याळ घेऊन. परवा म्हणाल्या, "अरे, पाचच झाली, थांब कुठेतरी." फूड मॉलला थांबलो, चार वडापाव आणि चहा. दंड वाचला की नाही ते देवाला ठाऊक, वडापावचे पैसे मात्र गेले.

गाडीवान

आमच्या तीन ट्रक आहेत, नाशिक ते जेएनपीटी बंदर. तुमच्या कारच्या दोन हजारांचं कौतुक सांगू नका. चलन गाडीच्या नंबरवर येतं, म्हणजे मालकावर. चालवतो ड्रायव्हर. त्याच्या पगारातून कापावं तर दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या ट्रान्सपोर्टला कामाला. न कापावं तर मी संपलो.

गाड्यांना ८० च्या पुढे जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर आहेच, त्यामुळे सपाटीला फारसा त्रास नाही. त्रास घाटाच्या उताराचा. लोड गाडीला ४०. एकदा मी स्वतः केबिनमध्ये बसून उतरलो. ड्रायव्हर आमचा जुना, बीडचा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुरगुरत उतरत होती, ब्रेकला पाय अगदी टेकवून टेकवून, कारण दाबून धरला की लायनर तापतात आणि मग पेडल नुसतं खाली जातं. मागून लक्झरी बस डिपर मारतेय, हॉर्न देतेय. तो म्हणाला, "मालक, चाळीसनं गेलो तर मागचा शिव्या देतो, साठनं गेलो तर कॅमेरा मारतो." आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरवणारे आहेत, त्यांना ना कॅमेरा दिसतो ना पुढची गाडी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना कसे अपघात होतात ते पुणेकरांना सांगायला नको. अशा ड्रायव्हरला मी दुसऱ्या दिवशी हिशेब करून पाठवतो.

कराडकर

माझी गाडी अंगणात ताडपत्रीखाली, बॅटरी उतरलेली. चलन पनवेलजवळचं, वेग ११८. फोटो उघडला तर पांढरी गाडी, माझी राखाडी. नीट बघितलं तर शेवटचा आकडा ८, मशीनने ३ वाचलेला, कारण त्या पठ्ठ्याच्या नंबरप्लेटवर नक्षीदार अक्षरं. ॲपवर तक्रार टाकली, आरसी आणि अंगणातल्या गाडीचा फोटो जोडला. तीन आठवडे काही नाही, मग एके दिवशी चलन यादीतून गायब. ना पत्र, ना 'चूक झाली'. एकसारख्या अक्षरांच्या नव्या एचएसआरपी नंबरपाट्यांवरून मी बरीच कुरकुर केली होती, ती तेवढी परत घेतो.

काळा कोट

थोडी भर. वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आणला. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक सूचना फलक हवा आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत जायला हवी, असं त्यात लिहिलं होतं. धागाकर्त्याने दीड महिना म्हटलंय, म्हणून सांगितलं. पण लोक भांडत नाहीत. थकवतात आणि लोकअदालतीची वाट बघतात. मी स्वतःच्या स्कूटरची पाच चलनं तशीच निम्म्यात मिटवली. कोट घालून टोकनच्या रांगेत उभा होतो, पुढे मागे सगळे माझेच अशील.

लीड्सवाली

इथे इंग्लंडात मोटरवेवर काम चालू असलं की ५० मैलांची मर्यादा लावतात आणि पिवळे कॅमेरे सरासरी मोजतात. मी ५८ ने होते. नवव्या दिवशी घरी पत्र. १४ दिवसांत पाठवावंच लागतं त्यांना. गाडी नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे पत्र त्याला, आणि चालवत कोण होतं ते लिहून देणं सक्तीचं. त्याने इतक्या तत्परतेने माझं नाव लिहिलं की बघत राहिले.

शंभर पौंड आणि लायसनवर तीन पॉइंट, नाहीतर नव्वदेक पौंड भरून वर्ग. वर्ग घेतला. शिक्षकाने विचारलं, पाटी नसेल तर मर्यादा कशी ओळखाल? सगळे गप्प. उत्तर: रस्त्याला दिव्यांचे खांब असतील आणि वेगळी पाटी नसेल तर ३०. अकरा वर्षं इथे गाडी चालवतेय, खांब कधी मोजले नव्हते.

झोपाळू

समृद्धीवर माझं चलन वेगाचं नाही आलं कधी. कारला १२० आहे, त्याहून जास्त लागतंच कशाला? माझी भीती वेगळी. जालन्याहून नागपूरकडे दुपारी निघालो, सरळ काँक्रीट, वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही. स्पीडोमीटर १२० वर चिकटलेला आणि मला मधले किती किलोमीटर गेले ते आठवेनाच. बायकोने मांडीला चिमटा काढला. आता दर तासाला उतरतो, टायरला हात लावून बघतो किती तापलेत, तोंडावर पाणी मारतो.

निवृत्त हवालदार

महामार्ग पोलिसात नऊ वर्षं होतो. स्पीडगनची गाडी घेऊन उन्हात उभं राहायचं. समोरून येणारे एकमेकांना डिपर मारून सावध करतात, आम्हाला वाटायचं, करा बापडे, तेवढ्याने तरी हळू येतात. गाडी थांबवली की पहिलं वाक्य, 'मी कोण आहे माहीत आहे का'. दुसरं, फोन आपल्या हातात, 'साहेबांशी बोला'. चिरीमिरी घेणारे आमच्यात होते, नाही कशाला म्हणू. देणारेही खिडकीची काच खाली करायच्या आधीच नोट घडी करून ठेवायचे.

खंबाटकी घाटात एकदा पहाटे पंचनामा केला. कार कठड्याला. आतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा रस्त्यावर आला होता, वरच्या पत्रिकेला हळदकुंकू लावलेलं, सुतळी तशीच बांधलेली. गठ्ठा उचलून जीपमध्ये ठेवला. मुद्देमालात लिहायचा का, यावर साहेब आणि मी बराच वेळ बोलत होतो. लिहिला नाही. नातेवाईक आले त्यांच्याकडे दिला.

धाकटा

वरच्यानंतर हे लिहायला कसंतरी वाटतंय, पण लिहितो. गाडी बाबांच्या नावावर, मोबाईल नंबरही त्यांचा. मी पुण्यात सबमिशनसाठी थांबलोय असं घरी सांगितलेलं. शनिवारी दुपारी फोन आला. "बाळा, अभ्यास कसा चाललाय?" चांगला चाललाय म्हटलं. "कणकवलीजवळ ९६ नं चाललाय होय?"

चलनावरचा फोटो समोरून काढलेला असतो हे मला माहीत नव्हतं. आईने तो बोटांनी मोठा करून पाहिला. मावशीलाही पाठवला. दोन हजार बाबांनी भरले आणि येताना काजू आणायला सांगितले, दोन किलो, "त्या शेजारच्या सीटवर बसलेल्या मुलीला विचार, चांगले कुठे मिळतात."