एआयकडून सादरीकरण करून घेताना : अनुभव धागा

पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ साली मॅकिन्टॉश संगणकासाठी आली. पुढची जवळजवळ साडेतीन दशके स्लाइड करणे म्हणजे रिकाम्या चौकटीसमोर बसून आधी शीर्षक, मग मुद्दे, मग रंग आणि शेवटी पुन्हा शीर्षक, असा क्रम ठरून गेला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा एआय साहाय्यक कोपायलट थेट पॉवरपॉइंटमध्ये आला, गूगल स्लाइड्सला गूगलच्याच एआयची, जेमिनीची, जोड मिळाली, आणि गामा किंवा कॅनव्हासारखी साधने एका ओळीच्या सूचनेवरून अख्खे डेक, म्हणजे स्लाइडचा पूर्ण संच, उभे करू लागली. या धाग्यात कामाच्या सादरीकरणांपुरतेच बोलावे, ही विनंती. श्रोते कोण होते, एआयला नेमके काय सांगितले, काय उपयोगी पडले आणि काय पुन्हा हाताने करावे लागले, हे लिहावे. ग्राहकांची नावे आणि साधनांची जाहिरात दोन्ही टाळावे.

सुरुवात मीच करते. माझे काम व्यवस्थापन सल्ल्याचे असल्यामुळे वर्षभर डेकच चालू असतात, आणि माझा अनुभव असा की एआयकडे थेट स्लाइड मागितल्या की हाती येतात ते मथळे : 'बाजाराचा आढावा', 'आव्हाने', 'संधी', 'पुढील वाटचाल'. यांतला कोणताही मथळा कोणत्याही कंपनीच्या डेकवर चिकटवता येतो, यातच त्याचा निरुपयोगीपणा दिसतो. म्हणून मी आधी स्लाइड मागतच नाही. हातातली टिपणे आणि तक्ते देऊन मी फक्त वाक्ये मागते. एका स्लाइडला एक पूर्ण वाक्य, आणि ते वाक्य असे हवे की त्याच्याशी कोणाला तरी असहमत होता येईल. 'तिमाही विक्रीचा आढावा' याला कोण हरकत घेणार? पण 'विक्री वाढली असली तरी वाढीचा मोठा भाग सवलतीत विकलेल्या मालातून आला आहे' असे लिहिले की विक्रीप्रमुख लगेच सावरून बसतात आणि चर्चेला तोंड फुटते. अशी सगळी वाक्ये एकाखाली एक ठेवून सलग वाचते. युक्तिवाद तेवढ्यावर उभा राहत असेल तरच पुढे स्लाइड, नाहीतर नाही. या टप्प्यावर एआयचा मला सर्वांत मोठा उपयोग होतो तो लिहिण्यासाठी नव्हे, तर विरोधासाठी. 'तू या प्रस्तावाच्या विरोधात असलेला संचालक आहेस. कोणत्या वाक्याला पुरावा नाही आणि कोणते वाक्य आधीच्या वाक्यातून निघत नाही, ते सांग,' अशी सूचना दिली की जे प्रश्न बैठकीत येणार असतात त्यांतले बरेचसे आधीच समोर येतात.

वित्त विभागातील एक सदस्य

मला फक्त आकड्यांविषयी लिहायचे आहे, कारण स्लाइडवरचा चुकीचा शब्द कोणी ना कोणी दुरुस्त करतो, पण चुकीचा आकडा पुढच्या चार डेकमध्ये नकलून जातो. एका आढाव्यासाठी मी एआयला विक्री आणि नफ्याचा तक्ता दिला होता. नफ्याचे विक्रीशी प्रमाण १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेले होते, आणि एआयने शीर्षक दिले : 'नफ्यात ३ टक्के वाढ'. वाचायला सुटसुटीत, अर्थाने चुकीचे. प्रमाण ३ टक्के-बिंदूंनी वाढले होते, म्हणजे मूळ प्रमाणाच्या २५ टक्क्यांनी. प्रत्यक्ष नफा मात्र विक्रीवर अवलंबून असतो. विक्री १०० वरून ८० वर आली असेल, तर १०० चे १२ टक्के आणि ८० चे १५ टक्के हे दोन्ही १२ च भरतात, म्हणजे नफा तसूभरही वाढलेला नाही. एकाच तक्त्यातून 'तीन', 'पंचवीस' आणि 'शून्य' अशी तीन उत्तरे निघतात, आणि यांतले कोणते शीर्षकात जावे हे तक्ता पाहून नव्हे तर बैठक कशासाठी आहे ते पाहून ठरते.

तेव्हापासून माझी अट अशी आहे की स्लाइडवर येणाऱ्या प्रत्येक आकड्यासमोर तो एक्सेलच्या कोणत्या शीटमधल्या कोणत्या रकान्यातून आला हे एआयने लिहायचे, आणि ज्याला रकाना सापडत नाही तो आकडा चौकटी कंसात ठेवायचा. चौकटी कंसातल्या आकड्यांत गंमत असते. बाजारपेठेचा एकूण आकार, येत्या पाच वर्षांतला वाढीचा दर, अशा भारदस्त गोष्टी तिथे जमा होतात, ज्या मी दिलेल्याच नव्हत्या. आलेखांबाबत एकच सांगते : स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे आधी पाहावे. अक्ष ९० पासून सुरू केला तर ९५ आणि १०० यांतला फरक दुपटीचा दिसतो.

सॉफ्टवेअर विकसक

अनेकांची तक्रार असते की एआयने केलेली फाइल दिसते चांगली, पण बदलायला गेले की हातात तुटते. याचे कारण फाइलच्या आत आहे. पीपीटीएक्स फाइल ही प्रत्यक्षात एक झिप असते. तिचे नाव बदलून उघडली तर आत प्रत्येक स्लाइडची, लेआउटची (स्लाइडच्या ठरीव मांडणीची) आणि स्लाइड मास्टरची (सगळ्या स्लाइडना लागू होणाऱ्या मूळ साच्याची) एक्सएमएल फाइल वेगवेगळी सापडते. माणूस टेम्प्लेटमध्ये काम करतो तेव्हा शीर्षक लेआउटच्या ठरलेल्या जागेत, म्हणजे प्लेसहोल्डरमध्ये बसते. मास्टरमध्ये रंग बदलला की सगळीकडे बदलतो. एआय मात्र पुष्कळदा रिकाम्या लेआउटवर सुटे टेक्स्टबॉक्स टाकून तेच दृश्य उभे करतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण आउटलाइन व्ह्यू, म्हणजे स्लाइडमधला फक्त मजकूर ओळीने दाखवणारे दृश्य, उघडला की तिथे शीर्षकांच्या जागी शुकशुकाट असतो. एवढी एक चाचणी केली तरी फाइल टिकाऊ आहे की दिखाऊ, ते कळते.

क्लॉड किंवा चॅटजीपीटीसारखी साधने फाइल करताना बहुधा कोड लिहितात, आणि त्यासाठी पायथॉन-पीपीटीएक्स ही लायब्ररी (पीपीटीएक्स फाइल तयार करणारा आयता कोडसंच) सर्रास वापरली जाते. त्यामुळे सूचनाही त्याच भाषेत दिल्यास फरक पडतो : आमचेच टेम्प्लेट उघड, अमुक नावाचा लेआउट वापर, शीर्षक प्लेसहोल्डरमध्येच भर, आलेख चित्र म्हणून न टाकता बदलता येणारा चार्ट म्हणून टाक. मराठी स्लाइड करणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा. या फाइलमध्ये लॅटिन लिपी, पूर्व आशियाई लिप्या आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्या (कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट) यांच्यासाठी फॉन्टची नोंद वेगवेगळी असते. कोडमधून फॉन्टचे नाव दिले की ते सहसा फक्त लॅटिनच्या जागी नोंदले जाते, आणि मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये दिसतो. 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा फॉन्टही नोंदव' असे सांगितले की प्रश्न मिटतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर एआयला तो निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

लहान उत्पादन व्यवसाय चालवणारे सदस्य

माझ्याकडे ना डिझायनर आहे, ना सादरीकरणासाठी वेगळा माणूस. गुंतवणूकदारांपुढे जायचे होते तेव्हा लेखक आणि गुंतवणूकदार गाय कावासाकी यांचा दहा स्लाइड, वीस मिनिटे आणि तीस पॉइंटचा फॉन्ट हा नियम मी समोर ठेवला, आणि एआयला लिहायला न सांगता मला प्रश्न विचारायला सांगितले. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर मोघम असेल तर पुन्हा तोच. ग्राहक तुमच्याकडेच का येतो, तो परत का येतो, मोठ्या कंपनीने हेच यंत्र स्वस्तात आणले तर काय, अशी उलटतपासणी झाल्यावर माझ्या उत्तरांतूनच डेक तयार झाले. भाषा माझीच राहिल्यामुळे बोलताना अडखळायला झाले नाही. चित्रे मात्र मी माझ्या कारखान्याचीच घातली. एआयने काढलेल्या कारखान्यात सगळे कामगार हसतमुख होते आणि यंत्रावरच्या पाटीवरची अक्षरे कोणत्याच भाषेतली नव्हती.

दृष्टिबाधित प्रशिक्षक

मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन, वापरतो, त्यामुळे माझा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. स्वतः स्लाइड करताना एआयमुळे पहिल्यांदाच असे झाले की आकृत्यांची मांडणी तपासण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागली नाही. स्लाइडची प्रतिमा देऊन 'कोणता मजकूर कशावर चढला आहे, कोणती चौकट कडेबाहेर गेली आहे' असे विचारले की ठीकठाक उत्तर मिळते, जरी रंगांबाबत मी ते उत्तर प्रमाण मानत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतल्या फरकाची (कॉन्ट्रास्टची) किमान मर्यादा डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी ४.५ ला १ अशी आहे, मोठ्या मजकुरासाठी ३ ला १. ही मोजायची गोष्ट आहे, अंदाजाची नव्हे, आणि ती मोजणारी साधने आहेत.

दुसऱ्यांनी एआयकडून केलेली डेक ऐकताना मात्र त्रास वाढला आहे. वर विकसकांनी सुट्या टेक्स्टबॉक्सविषयी लिहिले आहे, त्याचा सर्वाधिक फटका आम्हाला बसतो. स्क्रीन रीडर मजकूर वाचतो तो फाइलमधल्या क्रमाने, त्यामुळे आधी तळटीप, मग तिसरा मुद्दा आणि शेवटी शीर्षक असे ऐकावे लागते. चित्रांचे पर्यायी वर्णन एआय हौसेने लिहितो, पण 'निळ्या रंगाचा स्तंभालेख' हे ऐकून मला काय कळणार? वर्णनात आलेखाचा निष्कर्ष हवा : कोणत्या विभागाचा खर्च वाढला, कोणाचा घटला.

संचालक मंडळावर काम केलेले सदस्य

आतापर्यंतचे बहुतेक अनुभव डेक करणाऱ्यांचे आहेत. मी ती पाहणाऱ्यांपैकी आहे. पूर्वी डेक करायला कष्ट पडत, त्यामुळे माणूस आपसूकच कमी स्लाइड करी. आता कष्ट उरलेले नाहीत, आणि परिशिष्टासह आलेली बाडे वाचण्याचे काम आमच्याकडे सरकले आहे. प्रत्येक स्लाइडवर तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक चिन्ह, आणि सगळे मुद्दे सारख्याच वजनाचे. वजन सारखे असणे मला सर्वांत घातक वाटते. १ फेब्रुवारी २००३ रोजी नासाचे कोलंबिया अंतराळयान परतताना नष्ट झाले. त्याच्या चौकशी मंडळाने उड्डाणादरम्यान नासाच्या अधिकाऱ्यांना दाखवलेल्या एका स्लाइडचा अहवालात मुद्दाम उल्लेख केला. यानाच्या नाशाला कारण ठरलेला, डाव्या पंखावर आदळलेला फोमचा तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा होता आणि चाचण्यांची माहिती ३ घन इंचांच्या तुकड्यांची होती, ही सर्वांत महत्त्वाची बाब स्लाइडच्या तळाशी, उपमुद्द्याच्याही खालच्या पातळीवर होती. ती स्लाइड माणसांनीच केली होती, आणि म्हणूनच 'मुद्द्यांत बसव' या आज्ञेने काय होऊ शकते हे त्यातून कळते. एआयला ही आज्ञा फार आवडते. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठ बैठकांतून पॉवरपॉइंट हटवून सलग गद्यातली टिपणे आणली. तेवढे टोक गाठा असे माझे म्हणणे नाही, पण निर्णयासाठी येणाऱ्या प्रत्येक डेकसोबत मी एक पान सलग मजकूर मागतो, आणि तो सादर करणाऱ्याने बैठकीत स्वतः समजावून सांगावा अशी अपेक्षा ठेवतो. कोणी काय वाचले आहे ते पहिल्या दोन प्रश्नांतच कळते.

अनुपालन विभागातून

थोडक्यात लिहिते. एआयला जुने डेक नमुना म्हणून देताना पडद्यावर दिसते तेवढेच जाते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात लपवलेल्या स्लाइड, स्पीकर नोट्स (बोलणाऱ्यासाठीच्या टिपा) आणि टिप्पण्याही त्याच फाइलमध्ये असतात. एक्सेलमधून चिकटवलेल्या आलेखामागे कधीकधी संपूर्ण वर्कबुक दडलेले असते, आणि त्यात पगाराची शीटही असू शकते. फाइलमधला असा लपलेला मजकूर शोधणारा पॉवरपॉइंटमधला डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवावा, आलेख बनावट आकड्यांनी भरावेत, आणि कंपनीने मंजूर केलेल्या खात्याबाहेर फाइल देऊ नये.

विक्री विभागातील सदस्य

माझ्यासाठी स्लाइडपेक्षा त्यानंतरचे काम जास्त मोलाचे ठरले. तेच डेक खरेदी अधिकारी, तंत्रप्रमुख आणि वित्तप्रमुख यांच्यापुढे जाते, आणि तिघांची शंका वेगळी असते. तयार डेक देऊन मी एआयला आळीपाळीने या तिघांच्या भूमिकेत बसवते आणि तोंडी उत्तरे देत जाते. ज्या प्रश्नावर मला सलग दोन वाक्ये बोलता येत नाहीत, त्याची स्लाइड मी काढून टाकते किंवा परिशिष्टात नेते. स्पीकर नोट्स मात्र एआयकडून घेऊन जशाच्या तशा वापरू नयेत. त्या वाचण्यासाठी लिहिलेल्या असतात, आणि बोलताना श्वास पुरत नाही. मी आधी बोलते, ते ध्वनिमुद्रित करते, त्याचा मजकूर करून घेते, आणि त्यातून फक्त स्लाइड बदलण्याच्या क्षणाचे वाक्य नोट्समध्ये ठेवते.

संचालकांनी मागितलेल्या एका पानाविषयी मला त्यांनाच विचारायचे आहे : ते पान डेकच्या आधी पाठवावे की बैठकीतच द्यावे? आमच्याकडे आधी पाठवले तर कोणी उघडत नाही, आणि बैठकीत दिले तर ते वाचण्यातच पहिला वेळ जातो.