गावात घरांजवळ लहान ड्रोन उडवाचा आहे, परवानगी लागते काय?

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी, आमचं गाव देवळी तालुक्यात, जिल्हा वर्धा. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन घ्याचा विचार आहे, शौक म्हणून, अन् पऱ्हाटी-तूर वरून कशी दिसते ते पाहाले. पण वावर गावाले लागूनच आहे, आमचा धुरा म्हणजे शेवटच्या घराची मागची भिंत, त्यामुळं उडवला का घरांवरून दिसणारच. एक जण म्हणे एवढ्या लहानाले काहीच लागत नाही, दुसरा म्हणे पोलीस उचलून नेतात. नेमकं काय आहे भाऊ?

संत्राबाग_काटोल:
दोघंही पूर्ण सांगून नाही राहिले. ड्रोन नियम २०२१ मधे आले, त्यात २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोले पायलट सर्टिफिकेट लागत नाही पण नोंदणी करून यूआयएन नंबर (ड्रोनचा सरकारी ओळख नंबर) घ्यावाच लागते. अन् वजन लावलेल्या सामानासकट धरतात, म्हणजे २४९ चा ड्रोन पंख्यांचे गार्ड लावले का मायक्रोत गेला. मायक्रो शौकासाठी उडवला तर सर्टिफिकेट नाही लागत, पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग केलं का लागते. उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय साईटवरचा नकाशा पाहा, हिरव्या झोनमधे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नाही, लाल असला तर केंद्राच्या परवानगीशिवाय नाहीच. तुमच्या जवळच पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, त्या बाजूनं अंदाजानं उडवूच नका. नियम मोडला तर १ लाखापर्यंत दंड आहे. आणि विदेशी ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, कोणी बिलाशिवाय स्वस्तात देत असन तर घेऊ नका, नोंदणीतच अडकान.

वर्धेची_लेक:
नियम झाले, आता मी बाईमाणूस म्हणून सांगते, राग मानू नका दादा. खेड्यात न्हाणी मागच्या अंगणात असते, कितीक घरी वर छत नसते, उन्हाळ्यात सगळे बाहेर खाटा टाकून झोपतात. वरून घूं घूं आवाज आला का कॅमेरा तुरीकडे आहे का आमच्याकडे हे खालून कोणाले समजते? तुमच्या मनात काही नसलं तरी त्या बाईचा जीव घाबरतेच. बाईचे खासगी क्षण चोरून पाहणं का टिपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मधे गुन्हा आहे, पहिल्याच वेळेस १ ते ३ वर्षं शिक्षा आहे. म्हणून त्या शेवटच्या घरी आधी स्वतः जा, तिथल्या काकूंले स्क्रीनवर दाखवा काय दिसते ते, अन् सकाळी आंघोळीच्या टायमाले उडवू नका. पोलीस पाटलांच्याही कानावर घाला. रात्री तर नकोच, वर लाईट लुकलुकला का चोर टेहळणी करून राहिले म्हणून सारं गाव काठ्या घेऊन निघते.

पऱ्हाटीवाला:
ताई राग कायचा, हे तर डोक्यातच नव्हतं आलं. काकूंकडे आईलेच घेऊन जातो. आता उडवतानी काय पाहाचं तेवढं सांगा कोणी.

यवतमाळ_०७:
धुऱ्यापासून नाही, वावराच्या मधातून उडवा अन् घरांकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे ड्रोन आपोआपच वावराच्या अंगानं राहते. जीपीएस लॉक होऊन होम पॉइंट (ड्रोन परत येते ती जागा) सेट झाल्याशिवाय वर नेऊ नका. रिटर्न टू होमची (आपोआप परत याची) उंची आजूबाजूच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा अन् टॉवरपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर सिग्नल गेला का तो सरळ येऊन कडुनिंबात घुसते. विजेच्या तारा स्क्रीनवर दिसतच नाहीत, म्हणून डीपी अन् खांब कुठं आहेत ते आधी पायी फिरून पाहा. घार घिरट्या घालत असन तर खाली उतरवा, ती झपटते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, बॅटरी गाडीत किंवा टिनाखाली ठेवू नका, अन् फुगलेली बॅटरी परत चार्जिंगले लावूच नका, पेट घेते.