कसारा घाटाचं मॉडेल: चढावर गाडी मरगळते, वायरिंग कसं करावं?

पाथर्डीफाटा

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा कसारा घाट दाखवायचा ठरलंय. स्केल एचओ, म्हणजे १:८७. सहा बाय चारच्या दोन प्लायच्या पाट्या जोडून बारा फूट लांबी. एकच वेटोळं आहे, पुढून चढ आणि मागून उतार. वळणाची त्रिज्या २२ इंच. वडिलांनी वर्षानुवर्षं नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली, त्यामुळे गाडी पंचवटीच हवी हा त्यांचा आग्रह आहे आणि माझाही.

अडचण अशी की कंट्रोलरजवळ गाडी झकास पळते, पण पाट्यांचा सांधा ओलांडून चढाच्या वळणात शिरली की मरगळते. पाच डबे लावले तर थांबतेच. दुसरं इंजिन लावून पाहिलं, तेच. साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर आहे आणि त्याच्या दोन तारा एकाच जागी रुळाला जोडल्यात. चढ खऱ्या घाटाइतकाच, १:३७ ठेवलाय. मागून बँकरही (चढावर गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन) लावायचा आहे. दहा दिवस रोज संध्याकाळी गर्दीत हे चालायला हवं. कुणी केलंय का असं?

सातपूरचा पॅनेलवाला

ताई, माझी नोकरी सातपूर एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करण्यात गेली आणि घरी एचओचा लेआउट आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमचं इंजिन बहुधा ठणठणीत आहे. वीज त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. तारा एकाच जागी जोडल्या की बाकीचा सगळा प्रवाह रुळातून आणि रुळांच्या जॉइनरमधून जातो. रूळ निकेल-सिल्व्हरचा असतो आणि त्याचा रोध तांब्याच्या दसपटीहून जास्त. जॉइनर तर नुसता दाबून बसवलेला पत्रा आहे. रूळ सरळ धरून ठेवणं हे त्याचं काम, वीज वाहून नेणं नव्हे. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो आतून काळवंडतो आणि प्रत्येक सांध्याला थोडे व्होल्ट खातो.

आधी मोजून घ्या. पण मोकळ्या रुळाला मीटर लावलात तर सगळीकडे १२ च दिसेल, कारण प्रवाहच वाहत नाही. मोटारसायकलच्या दुकानात १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब मिळतो. तो दोन रुळांमध्ये लावा आणि मग त्याच जागी व्होल्ट मोजा. हे प्रत्येक तुकड्यावर करत पुढे सरका. जिथे आकडा एकदम खाली येतो, तिथला सांधा दोषी.

उपाय एकच आहे आणि तो चोख करा. पाटीखालून दोन जाड तारा वेटोळ्याच्या वाटेने फिरवा, घरात लाइटला वापरतो ती १.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार पुरेल. तुमच्या लांबीत ती एका अँपिअरला दहावा हिस्सा व्होल्टही खाणार नाही. ही झाली बस. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून ०.५ स्क्वेअरची आखूड तार सोल्डर करून बसला जोडा. अगदी प्रत्येक तुकड्याला, एकही सोडू नका. आतल्या रुळाला लाल, बाहेरच्याला काळी, आणि हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. बोगद्याखाली वाकून टॉर्चच्या उजेडात दोष शोधायची वेळ आली की रंगच कामाला येतात. दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे तारेवर बसणारी छोटी नळी, घालून नंबर टाका. याला एक संध्याकाळ जास्त लागते, पण पुढचे दहा दिवस तुम्ही निर्धास्त.

सोल्डर करताना रुळाच्या बाहेरच्या अंगाला करा, म्हणजे चाकाची कड अडणार नाही. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापवून, टेकवून पटकन उचला, नाहीतर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूंना ओल्या फडक्याची चिंधी ठेवा. जॉइनर मात्र सगळे सोल्डर करून टाकू नका. पाच मीटर रूळ २५ अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटर वाढतो आणि प्लाय पावसात फुगतो ते वेगळंच. मधेमधे फट हवी.

पाट्यांच्या सांध्याला रूळ काठापर्यंत आणा, तिथे पाटीत पितळी स्क्रू पिळा आणि त्यांच्या डोक्यावर रूळ सोल्डर करा. उचलाउचलीत तो हलणार नाही. बसच्या तारांना त्या सांध्याजवळ कनेक्टर लावा, पण कृपा करून घरातला तीन पिनांचा प्लग वापरू नका. उत्साहाच्या भरात कुणीतरी तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालेल.

आता चढ. १:३७ म्हणजे २.७ टक्के, सरळ रुळावर चालतं. वळणावर चाकं रुळाला घासतात, म्हणून एचओसाठी एक आडाखा आहे: ३२ ला इंचातल्या त्रिज्येने भागा, येईल तितके टक्के चढ वाढला असं धरा. तुमच्या २२ इंचाला जवळजवळ दीड टक्का. म्हणजे इंजिनाला तो चढ १:२४ सारखा वाटतो. खऱ्या रेल्वेतही वळणावर चढ कमी करतातच. तुम्हीही वळणात १:६० च्या आसपास आणा, आणि १:३७ समोरच्या सरळ भागात ठेवा, जिथे लोक उभे राहणार आहेत.

देवळालीकर

बँकरबद्दल लिहितो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात आणि इगतपुरीला सुटतात. नुसता जोर वाढवायला नाही: सगळं ओझं पुढच्या कपलिंगवर येऊ नये आणि कपलिंग तुटलंच तर डबे मागे घरंगळू नयेत, हेही काम त्यांचंच. तेव्हा तुमच्या देखाव्यात बँकर हवाच.

मॉडेलमध्ये मागचं इंजिन पुढच्यापेक्षा जोरात असेल तर हलके डबे वळणात बाहेर फेकले जातात. म्हणून एकाच बनावटीची दोन इंजिनं घ्या, दोन्हींना एकेकटं त्याच कंट्रोलरवर फिरवून फेरीची वेळ पाहा. किंचित वेगवान असेल ते पुढे लावा. डब्यांच्या तळाशी शिशाची पट्टी चिकटवून वजन द्या. काळही ठरवून घ्या. पूर्वी इगतपुरीला १५०० व्होल्ट डीसी संपून २५,००० व्होल्ट एसी सुरू व्हायचं आणि इंजिन बदलायचं. तुमच्या वडिलांना ते थांबणं नक्की आठवत असेल, त्यांनाच विचारा कोणतं इंजिन हवं.

कसारा ते इगतपुरी साधारण १६ किलोमीटर. १:८७ ला ते १८० मीटरच्या वर जातं, त्यामुळे सगळा घाट बसवायच्या मागे लागू नका. एहेगावचा पूल आणि एक बोगदा नीट करा, माणसं ओळखतात.

पाथर्डीफाटा

काका, बल्ब लावून मोजलं. कंट्रोलरपाशी ११.८, सांध्याच्या पलीकडे ९.६, वळणाच्या टोकाला ८.१! वडिलांना इंजिनाचं विचारलं तर तासभर बोलत होते.

सातपूरचा पॅनेलवाला

मग निदान झालं. बस टाकल्यावर याच जागांवर याच बल्बने परत मोजा. टोकाला ११.५ च्या खाली दिसलं तर कुठलं तरी सोल्डर कच्चं आहे, वरून चकाकत नसेल ते पुन्हा करा. २३० व्होल्ट पाटीखाली अजिबात नेऊ नका. कंट्रोलरचा ॲडॉप्टर बाहेर, कोरड्या जागी. मंडपाच्या लाइटचं कनेक्शन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या, भाद्रपदात पाऊस असतोच.

जेलरोड

गर्दीचं मी सांगते, आमच्या मंडळात फिरता देखावा असतो. लेआउट आरतीच्या जागेपासून लांब ठेवा. धूप, कापूर आणि अगरबत्तीचा धूर रुळावर तेलकट थर देतो आणि गाडी अडखळायला लागते. रोज दार उघडण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती कापड भिजवून रूळ पुसायचे. गुलाल उधळायच्या दिवशी लेआउट झाकूनच ठेवा, ती पूड इंजिनाच्या गिअरमध्ये गेली की निघत नाही.

पुढून ॲक्रिलिकची पट्टी लावा, लहान मुलांच्या नाकाइतकी उंच, म्हणजे त्यांना दिसेल पण हात पोचणार नाही. बोगद्याच्या पाठीमागे हात जाईल एवढी खिडकी कापून ठेवा, डबा आत घसरला तर डोंगर फोडावा लागू नये. डोंगराला थर्मोकोल नको, २०१८ पासून राज्यात सजावटीसाठी त्यावर बंदी आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, वर वर्तमानपत्र आणि खळ, छान होतो. आणि गाड्या दोन ठेवा, आलटून पालटून चालवा. एकच इंजिन संध्याकाळभर चढवलं तर मोटार तापते.

पाथर्डीफाटा

रविवारी १.५ स्क्वेअरची लाल-काळी तार आणि फेरूल आणायला एम. जी. रोडला जाते आहे. काका, बससाठी कनेक्टर किती अँपिअरचा घेऊ?

सातपूरचा पॅनेलवाला

५ अँपिअरचा, आणि उलटा बसूच शकणार नाही असा. दोन जास्तीचे घ्या.