मदत हवी आहे : त्रोवसातली सभा शनिवारी रात्री की रविवारी?

शब्बाथ (यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीदिवस) की रविवार, या विषयावरच्या अभ्यासवर्गासाठी विचारतो आहे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 20:7 मध्ये त्रोवस शहरात शिष्य ‘आठवड्याच्या पहिल्या दिवशी’ भाकर मोडायला जमले, प्रेषित पौल ‘दुसऱ्या दिवशी’ निघणार होता, म्हणून मध्यरात्रीपर्यंत बोलला. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तसं मोजलं तर ही शनिवारची रात्र, आणि पौल रविवारी पायी निघाला; म्हणजे रविवार विश्रांतीचा नव्हता. रोमी पद्धतीने (दिवस मध्यरात्री सुरू) ती रविवारची रात्र, प्रवास सोमवारी.

लूक 23:54 मध्ये शब्बाथ संध्याकाळी सुरू होतो, म्हणून मला पहिलं पटतं. पण कृत्ये 4:3 मध्ये संध्याकाळनंतरच्या सकाळला ‘दुसरा दिवस’ म्हटलंय, तेच अडतं. ग्रीक जाणणाऱ्यांनी 20:7 मधल्या ‘दुसऱ्या दिवशी’चा नेमका अर्थ सांगावा. रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनचा रविवारच्या विश्रांतीचा इ.स. 321 चा हुकूम कृपया मध्ये आणू नका, तो फार नंतरचा (त्यात शेतकऱ्यांना कामाची मुभाही होती).