अनुभव धागा: मडक्यावरून भांडणाऱ्या लव्हबर्ड माद्या आणि पिल्लं

घणसोलीची_मधू
काल जिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी भेटली. हातात बुटाचा खोका, आत लव्हबर्डचं पिल्लू (खरं तर बजी, छोटा पोपट हो, पण आपण सगळे लव्हबर्डच म्हणतो). डोक्यावर रक्त सुकलेलं. "आईनेच टोचलं," म्हणाली आणि रडायलाच लागली. मला एकदम वर्तकनगरची आमची गॅलरी आठवली. तीन जोड्या आणि अंडी घालायला मडकी दोनच. सकाळी बघतो तर एका मादीचा डोळा गेलेला, खाली अंडी फुटलेली. दुपारपर्यंत ती गेली. माझ्या आईच्या ओंजळीतच गेली. जोड्यांपेक्षा मडकी जास्त हवीत आणि सगळी एकाच उंचीवर, नाहीतर वरच्यासाठी झुंबड उडते, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्याकडे काय झालं? लिहा.

कळवा७
वाचून पोटात कालवलं गं. त्या पिल्लाला आधी वेगळं कर.

निळूचे_बाबा
आमच्याकडेही पिल्लांची आई अशीच उलटली होती. पिल्लं महिन्याची झालेली, हिला पुन्हा अंड्यांवर बसायचं, मग पाठीची पिसं उपटायला सुरुवात. दुष्ट नसते हो ती, तिला मडकं रिकामं हवं असतं. बाप मात्र भरवत होता. मग नर आणि चारही पिल्लं दुसऱ्या पिंजऱ्यात हलवली. आठवड्याभरात पोरं राळा सोलून खायला लागली. मडकं काढून टाकलं, मादीला तीन महिने विश्रांती. रोज एकेक पिल्लू हातात घेऊन गळ्याखालची दाण्यांची पिशवी भरलीय का बघायचो, कामावर जायला उशीर झाला तरी.

सानपाडा_सई
माझी "जोडी" म्हणजे दोन माद्या निघाल्या! दुकानदाराने लहान असताना दिल्या, तेव्हा काही कळत नाही. मोठ्या झाल्यावर दोघींच्या नाकाचा भाग तपकिरी, नराचा निळा असतो ना. एकाच मडक्यात दोघी घुसल्या, एकीचा पाय रक्ताळला. रात्री अकराला शेजारच्या काकूंचा पिंजरा मागून आणला.

ऐरोलीकर
समुद्रफेण (कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात लावतात तो पांढरा तुकडा) कुठे मिळतो तुमच्याकडे? मासळीबाजारात विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिले.

सानपाडा_सई
पक्ष्यांच्या दुकानात मिळतो दादा. अंडी घालणाऱ्या मादीला द्याच. उकडलेलं अंडंही थोडं.

कोपरी_आजी
अंडी दिवसाआड येतात, बसते ती सुरुवातीपासूनच, म्हणून पिल्लंही मागेपुढे निघतात, प्रत्येक अंडं घातल्यापासून साधारण १८ दिवसांनी. आमचं शेवटचं थोरल्यांखाली चेंगरत होतं. दुसऱ्या जोडीची पिल्लं त्याच्याच वयाची होती, त्यांच्यात ठेवलं. त्यांच्या आईने आपलंच समजून भरवलं. नातवाने नाव ठेवलं पाहुणा. कुकर झाला, येते.

कळवा७
पाहुण्याचा फोटो हवाच आजी!!

ऐरोलीकर
गॅलरीतल्या पिंजऱ्यावर कावळे बसले तरी माद्या बिथरतात का? आमची पिल्लांना तुडवून बाहेर येते.

निळूचे_बाबा
हो, घाबरते. तीन बाजूंनी चादर लावा, मडकं भिंतीकडे घ्या. सारखं डोकावू नका.

घणसोलीची_मधू
आत्ता खाली जाऊन आले. पिल्लू बापाजवळ ठेवलंय, मध्ये जाळी लावून आई पलीकडे. बापाने दोनदा भरवलं. ती मुलगी पिंजऱ्यासमोरच जेवायला बसलीय.