भावाला माफ करणं मला का जमत नाहीये?

रानजाई:
नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. वडील गेल्यावर दीड महिन्यातच भावाने हक्कसोडपत्राचा विषय काढला. ताई नुसती फॉर्मॅलिटी आहे गं, म्हणाला, आणि मी काही न विचारता रजिस्टर ऑफिसला गेले. मशीनवर माझा अंगठा उमटेना म्हणून त्यानेच आपल्या रुमालाने तो पुसून दिला, बाहेर आल्यावर उसाचा रस पाजला. दोन वर्षांनी कळलं की जमीन रस्त्यात गेली आणि मोबदलाही आला, तेही चुलत बहिणीकडून. फोन केला तर म्हणतो, "सही तूच केलीस ना? आणि तुला काय कमी आहे?"

याला आता आठ वर्षं झाली. पैसे मी कधी मागितले नाहीत. आई त्याच्याकडे असते म्हणून भाऊबीजेला जाते, ओवाळते, तो ताटात पाकीट ठेवतो आणि मला तो रुमाल आठवतो. सगळे म्हणतात सोडून दे, एकुलता एक भाऊ आहे. मीपण दरवर्षी ठरवून जाते आणि तोंड कडू करून परत येते. सासरच्यांचं इतकं काय काय पोटात घातलं, मग ह्याचंच का जात नाही? माझंच मन कोतं आहे का?

मधुमालती:
कोतं वगैरे काही नाही हो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, म्हणून तर सही लागते. हक्क नसता तर कोणी रजिस्टर ऑफिसला नेलं असतं का तुम्हाला? आणि सासरच्यांकडून आपली तशी अपेक्षाच नसते. जिथे डोळे मिटून अंगठा दिला तिथलंच जास्त लागतं.

वाटसरू_नाशिक:
रॉय बाउमायस्टर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९० साली सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला होता. लोकांना दोन प्रसंग लिहायला सांगितले, एक आपल्याला कोणी दुखावलं तो आणि एक आपण कोणाला दुखावलं तो. दुखावलेला माणूस लिहिताना गोष्ट अजून चालूच आहे असं लिहितो, दुखावणारा मात्र ती कधीच मिटली असं समजून लिहितो, आणि गंमत म्हणजे लिहिणारी माणसं तीच! तुमच्या भावासाठी तो विषय रसवंतीपाशीच संपला, तुम्ही अजून रजिस्टर ऑफिसात उभ्या आहात. अजून एक, माफ करायचं ठरवणं आणि आतून राग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं एव्हरेट वर्थिंग्टन हे माफीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मांडतात. स्वतःच्या आईचा खून झाल्यावरही ते या विषयाला चिकटून राहिले. पहिली गोष्ट तुम्ही दरवर्षी करताय ताई, दुसरी हुकमावर होत नाही.

थोरली_आक्का:
माझंही असंच होतं बाई, अकरा वर्षं. मग एकदा गावच्या जत्रेला माझ्या मुलांसमोर भाऊ सहज बोलून गेला, "ही विहिरीकडची पट्टी खरं तर आक्काची." एवढंच. दिलं काहीच नाही, पण त्या रात्री मी माहेरी कितीतरी वर्षांनी शांत झोपले.

बांधावरचा:
मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो, शिव्या घातल्या तरी चालतील. दोन बहिणींकडून मी अशाच सह्या घेतल्या. तेव्हा कर्ज होतं, पण त्यांना ते सांगितलं नाही. आता दोघी राखीला येतात तेव्हा मी मुद्दाम काहीतरी काम काढून मळ्यात जातो. चुकलो म्हणावं तर लगेच पुढचा प्रश्न येणार, मग आमचं देतोस का? तेवढी ऐपत नाही, म्हणून पहिलाच शब्द तोंडातून निघत नाही. तुमचा भाऊ विसरला असेल असं मला तरी वाटत नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. बांधावरचा, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं, राग आला नाही. बहिणींना निदान कर्जाचं तरी सांगा. आणि लिहिता लिहिता माझ्याही लक्षात आलं की मला नेमकं काय टोचतंय. रस्त्याची मोजणी आमची सही व्हायच्या आधी झाली होती की नंतर, हे मी त्याला आजपर्यंत विचारलंच नाही. नंतर झाली असेल तर तो नुसता लोभी ठरला, ते मी गिळेन. पण अंगठा पुसताना त्याला माहीत होतं का? पुढच्या आठवड्यात आईकडे जातेय, तेवढं विचारणार आहे.